साडीखालची पाटी

लोकांना वाटतं, संग्रहालयात जुन्या वस्तू साठतात. साफ चूक! वस्तू वर्षाकाठी दोन-चार येतात, त्याही आम्ही हात धुवून मागे लागलो तर. किस्से मात्र रोज येतात, न बोलावता, आणि ते ठेवायला आमच्याकडे कपाट नाही. म्हणून मी ते रिकाम्या डब्यातून घरी नेते आणि मैत्रिणींना वाढते. मैत्रिणी म्हणतात, लिहून ठेव, नाहीतर विसरशील. तर हे घ्या.

आमचं संग्रहालय नगर परिषदेच्या बगीच्यात आहे. डावीकडे घसरगुंडी, उजवीकडे ओपन जिम, मधे आम्ही. तीन खोल्या, चार पंखे आणि पाण्याचा एक कूलर. लोकांना इतिहासाची गोडी किती, ते मी सांगत नाही. पण कूलर बंद पडला होता त्या आठवड्यात आमच्याकडे चिटपाखरू फिरकलं नव्हतं.

स्टाफ म्हणजे मी आणि चौकीदार उत्तमभाऊ राठोड. उत्तमभाऊ घाटंजीकडच्या बंजारा तांड्यातले. ते कुलूप उघडतात, झाडू मारतात, तिकिटं फाडतात आणि पाहुण्यांना माहितीही देतात. उरलेलं काम मी करते, म्हणजे सह्या.

*

माझ्या खोलीच्या दारावर 'अभिरक्षक' अशी पाटी आहे. क्युरेटरला सरकारी मराठीत तसं म्हणतात. मी तिथं रुजू झाले तेव्हा मलाही तो शब्द दोनदा वाचावा लागला होता.

सकाळी बगीच्यात फिरायला येणारे एक काका आहेत. पाच फेऱ्या झाल्या की कूलरवर येतात, दोन ग्लास पाणी पितात आणि जातात. एकदा जायच्या ऐवजी माझ्या दारात उभे राहिले. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तुमच्याजवळ बंदूक काहून नाही?"

"बंदूक कशाला, काका?"

"अंगरक्षक ना तुमी? थे काय लिवलं दारावर."

उत्तमभाऊ मदतीला धावले. "काका, नीट वाचा ना. अंगरक्षक नाही. अभि-रक्षक."

काकांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा लावला, पाटी पुन्हा वाचली आणि मान हलवली.

"बरं. मंग हा अभि कोण होय? अन् त्याले धोका कोणापासून हाये?"

*

दुसऱ्या खोलीत एक वीरगळ आहे. म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. घोडा, घोड्यावर माणूस, हातात तलवार, बाकी सगळं झिजलेलं. त्याच्यापुढं लाल अक्षरात लिहिलेलं आहे, 'हात लावू नये'.

बाजाराच्या दिवशी नेरकडची एक आजी पिशवी घेऊन आत आली. दगडापुढं बराच वेळ उभी राहिली. मग हळूच वाकली आणि दगडावर कपाळ टेकवलं. मी खुर्चीतून उठून पळतच गेले.

"आजी, पाटी वाचली नाही का? हात लावायचा नाही म्हणून लिहिलंय ना तिथं?"

"वाचली ना माय. हात कुठी लावला? हे पाहा."

आणि खरंच, आजीनं दोन्ही हात पाठीमागे घट्ट बांधले होते. तसेच ठेवून वाकली होती, पडली असती तर दातच गेले असते. पाटीवर 'डोकेही' असं जोडायचं का, असं उत्तमभाऊंनी विचारलं. मी नको म्हटलं, कारण मग उद्या कोणी लोटांगण घालेल.

*

पाट्यांचं आणखी थोडं सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोळ पाटीचाच आहे.

वस्तूंखालच्या पाट्या आम्ही लिहिलेल्या नाहीत. लांबच्या शहरातले एक तज्ज्ञ आहेत, त्यांच्याकडून त्या घाऊक लिहून येतात. माणूस विद्वान, पण इकडे पाय कधी ठेवला नाही. आम्ही वस्तूचा फोटो पाठवायचा, त्यांनी तो पाहून मजकूर लिहायचा, जिल्ह्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी मंजूर करायचा, आणि मग पांढऱ्या अॅक्रिलिकवर काळ्या अक्षरात कोरून पाटी यायची. एकदा कोरली की कोरली. एक काना पुसायचा तरी साहेबांची मंजुरी लागते.

तर उत्तमभाऊंची आई एकदा तांड्यावरून मुलाचं ऑफिस बघायला आली. आरशांची कांचळी म्हणजे चोळी, घेरदार फेटिया म्हणजे घागरा, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, असा तिचा रोजचाच पोशाख. आमच्या काचेच्या कपाटातही अगदी तोच आहे, म्हणून उत्तमभाऊंनी तिला कौतुकानं तिथं नेऊन उभं केलं.

"काय लिवलं?" तिनं विचारलं.

उत्तमभाऊंनी वाचलं, "बंजारा स्त्रियांचा लुप्त होत चाललेला पोशाख." आणि वाचता वाचता त्यांचाच आवाज बारीक झाला.

लुप्त म्हणजे काय, असं तिनं विचारलं असावं, कारण ती दोघं आता गोरबोलीत, म्हणजे बंजारा भाषेत, बोलत होती. उत्तमभाऊंनी काहीतरी समजावलं. तिनं कपाटातल्या फेटियाकडं पाहिलं, मग स्वतःच्या फेटियाकडं पाहिलं, दोन्ही हातांनी घेर पसरून दाखवला आणि एक वाक्य बोलली. उत्तमभाऊ हसत सुटले.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"माय म्हंते, लिवणाऱ्याले पयले डोळ्याच्या डाक्टरकडे न्या."

मी त्याच दिवशी कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. ते मात्र खरोखरच लुप्त झालं.

*

आता साडी.

घाटंजीला प्रज्ञा भगत नावाची शिक्षिका आहे. ती एक दिवस आजीची साडी घेऊन आली. पांढरी, नऊवारी, सुती, हात लावला तर फाटेल इतकी विरलेली. तिचे आजी-आजोबा तरुणपणी नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घ्यायला गेले होते, तेव्हा आजी हीच नेसली होती. त्या दिवशी पांढरी वस्त्रं नेसून कोण कुठं निघालं होतं, हे इकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. मी रजिस्टरमध्ये सगळं नीट लिहिलं, फोटो पाठवला आणि महिनाभर रजेवर गेले.

तज्ज्ञांनी फोटो पाहिला. साडी पांढरी, जुनी, बाईची. त्यांना वाटलं, प्रश्न सुटला! पाटी कोरून आली, आणि उत्तमभाऊंनी आलेल्या आदेशाप्रमाणे चार स्क्रूंनी पक्की बसवली.

मी रजेवरून आले त्याच सकाळी प्रज्ञा आजी-आजोबांना घेऊन हजर. सुगंधाआजी पंच्याऐंशीच्या पुढच्या, किसनबाबा नव्वदीला टेकलेले. बाबा शाळेत शिपाई होते, त्यामुळे वाचताना आवाज असा लावतात की मागच्या बाकालाही ऐकू यावं. काचेवर बोट न टेकवता, अक्षराखालून बोट फिरवत त्यांनी सुरू केलं.

"विधवा स्त्रीचे वस्त्र. पूर्वी पतीच्या निधनानंतर स्त्रिया असे पांढरे वस्त्र परिधान करीत."

बोट थांबलं. बाबा वळले.

"सुगंधा, मी कधी मेलो वं?"

आजी साडीवरची नजर न काढता म्हणाली, "मले तं नाही सांगतलं कोणी."

मी आणि उत्तमभाऊ जे हसलो! पोट धरून हसलो. मग लक्षात आलं की आजी हसत नाहीये.

"हसा बाई," ती मला म्हणाली. "पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी माहा सारा गोतावळा इथं येऊन राह्यला. उमरखेडची पोरगी, जावई, नातू, पंतू. इथूनच आमी नागपूरले जाऊ. थ्यायनं हे वाचाव का? त्या दिवशी आमी पयल्यांदा मान वर करून चाललो होतो. त्या दिवशीचं हाये हे. दसऱ्याच्या आंधी पाटी बदला. पुढच्या दसऱ्याचं मी नाही सांगत."

मला फार लाज वाटली. हसण्याची वाटली, रजेची वाटली आणि त्या चार स्क्रूंचीही वाटली. मी तिचा हात धरून शब्द दिला की बदलते.

*

शब्द देणं सोपं असतं. कार्यालयाकडून आठ दिवसांनी पत्र आलं, 'सदर महिला विधवा नसल्याबाबत सबळ पुरावा सादर करावा.'

मी बाबांना फोनवर वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, "पुरावा म्हंजे मीच ना? येतो मी. किती वाजता येऊ?"

मी साहेबांना तसं कळवलं. साहेब म्हणाले, "मॅडम, व्यक्ती नको. कागद पाठवा. व्यक्ती फायलीला लावता येत नाही."

पेन्शनवाल्या माणसाला जिवंत असल्याचा कागद मिळतो, त्याला हयातीचा दाखला म्हणतात. बाबा काठी टेकत बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "बाबा, ते काम नोव्हेंबरात असते. आता नाही होत."

"मंग नोव्हेंबरापर्यंत मी मेलेलाच राहू का?"

त्या मुलानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि बाबांना धीर दिला. "नाही नाही, काळजी नका करू. मागच्या नोव्हेंबरातल्या दाखल्यावर तुमी आतापर्यंत चालता."

बाबांनी त्याचीच झेरॉक्स आणून दिली, वर स्वतः सही करून. सहीखाली लिहिलं होतं, 'समक्ष हजर'.

*

मंजुरी येईपर्यंत जुनी पाटी काढायला परवानगी नव्हती. पण झाकू नका असं कुठं लिहिलेलं नव्हतं. उत्तमभाऊंनी तिच्यावर कागद चिकटवला आणि आपल्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'दुरुस्ती सुरू आहे'.

दुपारी दोन बायका मुलांना घसरगुंडीवर सोडून पंख्याखाली आल्या. एकीनं साडी पाहिली, कागद वाचला, दुसरीला कोपरानं ढोसलं.

"भाऊ, पिको-फॉलचे किती घेता? माह्या सासूचं नऊवारी हाये."

उत्तमभाऊंनी झाडू थांबवला नाही. "दसऱ्याच्या आंधी जमत नाही, ताई. आमचंच एक अडकून हाये."

*

महिनाभरानं दुरुस्त पाटी आली. मी सगळ्यांना बोलावलं, उत्तमभाऊंनी कागद फाडला, जुने स्क्रू काढले, नवी पाटी लावली. बाबा पुढं झाले, घसा खाकरला.

"श्रीमती..."

आणि बोट तिथंच थांबलं.

"पुन्हा?" बाबा म्हणाले.

मी घाईघाईनं समजावलं की सरकारी नियमात कोणत्याही बाईच्या नावाआधी श्रीमती लावतात, लग्न झालेलं असो, नसो, नवरा असो, नसो. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, नियम बरोबर असंन. पण लग्नाच्या पत्रिकेत बाईच्या नावामांगं श्रीमती दिसलं तं आपले लोक काय समजतेत?"

आपले लोक काय समजतात ते मलाही माहीत आहे.

"पयल्या पाटीनं दोन ओळीत मारलं होतं," बाबा म्हणाले. "हिनं एकाच शब्दात काम केलं."

बाहेर पडताना आजीनं फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मला ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. उत्तमभाऊंनी पुन्हा कागद चिकटवला.

*

मी म्हटलं, मग सरळ 'सौ.' लावू, भानगड मिटेल. प्रज्ञानं मान हलवली. "मॅडम, आमच्याकडं नावाआधी आयु. लावतात. पुरुष असेल तर आयुष्मान, बाई असेल तर आयुष्मती. नवरा असला-नसला तरी तेच."

बाबांना हे फारच आवडलं. "म्हंजे माह्या जगण्या-मरण्याचा पाटीशी संबंधच नाही? मंग हेच लिवा. मी मोकळा झालो."

मी मजकूर पाठवला, 'आयु. सुगंधाबाई किसन भगत'. दुसऱ्याच दिवशी साहेबांचा फोन.

"मॅडम, तुम्ही आयु लिहिलं, पण पुढं आकडाच टाकला नाही."

"कसला आकडा, साहेब?"

"अहो आयु किती? पंच्याऐंशी, शहाऐंशी, जे असेल ते. आणि आयु हिंदी झालं, वय लिहा."

"साहेब, आयु म्हणजे वय नाही. आयुष्मती."

"ते नाव झालं, मॅडम. वय सांगा."

अर्धा तास गेला. माझा घसा बसला, पण साहेबांचं वय काही हलेना. शेवटी फोन चालू असतानाच त्यांच्याच शिपायानं आपल्या मुलीची लग्नपत्रिका आणून साहेबांपुढं ठेवली. तिच्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत आयु., आयु., आयु. असंच होतं. साहेब त्या लग्नात स्वतः जेवून आले होते, फक्त पत्रिका वाचलेली नव्हती. त्यांनी तिथल्या तिथं सही केली. मनाचा मोठेपणा म्हणून हेही सांगते की नंतर त्यांनी मला फोन करून सॉरी म्हटलं.

तिसरी पाटी दसऱ्याच्या तीन दिवस आधी आली. उत्तमभाऊंनी ती बसवण्याआधी मला चार वेळा मोठ्यांदा वाचायला लावली.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी बगीच्याच्या गेटपाशी एक टेम्पो ट्रॅव्हलर आणि एक जीप येऊन थांबली. त्यातून पांढरेशुभ्र कपडे घातलेली माणसं उतरतच राहिली. उमरखेडची मुलगी, जावई, नातवंडं, पतवंडं, कडेवरची बाळं. तेवढी माणसं आमच्या पहिल्या खोलीत कधीच मावली नव्हती. त्या दिवशी मावली.

आजी भिंतीशी खुर्चीवर बसली. बाबा पाटीपुढं उभे राहिले आणि शाळेची घंटा झाल्यासारखी सगळी पोरं चूप झाली.

"आयुष्मती सुगंधाबाई किसन भगत यांनी धम्मदीक्षेच्या वेळी नेसलेली साडी."

बोट शेवटच्या अक्षरापर्यंत न अडखळता गेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. उत्तमभाऊ दारात उभे राहून वाजवत होते, आणि माझे डोळे भरून आले. मी आजीकडं पाहिलं. ती मान डोलवत होती, पण तिच्या कपाळावरची आठी गेलेली नव्हती.

तेवढ्यात एका पणतीनं विचारलं, "पणजोबा, ही साडी तुम्ही कुठून आणली होती?"

"यवतमाळच्या बाजारातून," बाबा खुलले. "पायी गेलतो. दुकानदारानं ढीगभर लुगडे पाडले माह्यासमोर. म्या म्हटलं, हे नको, थे नको, सगळ्यात पांढरं काढ. शेवटी वरच्या फळीवरून हे काढलं त्यानं."

"दर दसऱ्याला सांगतात," प्रज्ञा माझ्या कानात म्हणाली.

आजी उठली. नातीचा हात धरून काचेपाशी आली आणि साडीच्या मधोमध बोट दाखवलं.

"पोरीहो, हे शिवण दिसते का?"

सगळ्या वाकल्या. खरंच, मधोमध आडवी शिवण होती, हातानं घातलेली, बारीक टाक्यांची. मी ती साडी इतक्या वेळा हाताळली होती, मला ती साधी जोड वाटली होती.

"हे लुगडं नाही," आजी म्हणाली. "दोन धोतरं हायेत. यायच्या लग्नातली जोडी. पांढरं लुगडं कुठी होतं आपल्या घरी? निघायच्या आदल्या दिवशी यायनं दोन्ही धोतरं माह्यापुढं टाकले अन् म्हणे, शिव. रातभर शिवलं म्या."

बाबा पंख्याकडं बघत होते.

"मग आजी, इतकी वर्षं बोलली काहून नाही?" प्रज्ञानं विचारलं.

"यायले बाजाराचं सांगू वाटे. म्या म्हटलं सांगू दे, आपलं काय जाते. पण आता पाटीवर कोरलं ना. बोललेलं चालते. कोरलेलं खोटं नाही चालत."

मी खुर्चीत बसले. समोर पुन्हा तो फोटो, तो तज्ज्ञ, ते साहेब, ती मंजुरी. उत्तमभाऊ आत गेले आणि कोरा कागद व गोंद घेऊन आले.

"बाबा," मी म्हटलं, "दोन्ही धोतरं आजींना दिली, तर तुम्ही काय घालून गेलते दीक्षेला?"

बाबांनी पंख्यावरची नजर खाली आणली. आधी आजीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"शाळेच्या मास्तरचा पायजामा. एका दिवसासाठी मागतला होता."

"मग परत केला?"

बाबांनी काठीची मूठ चोळली.

"पेटीत हाये," ते म्हणाले. "तुमाले पाहिजे असंन तं आणून देतो."

"आणा," आजी म्हणाली. "पण त्याची पाटी मी सांगन."